कापलेल्या कण्यांबद्दल

हार्वर्डच्या लॉ लायब्ररीत निवाड्यांच्या खंडांचे कणे कटिंग मशीनवर उडवताहेत आणि सुटी पानं स्कॅनरमधून सोडताहेत, ही बातमी २०१५ साली वाचली तेव्हा माझा संताप झाला होता. पुढची काही वर्षं मी बार रूममध्ये त्याविरुद्ध तावातावाने बोलत असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

संतापाचं कारण होते जॉन हाइम्स अर्नोल्ड. १८७२ ते १९१३ हा माणूस त्या लायब्ररीचा ग्रंथपाल होता. त्याआधी तिथली पुस्तकं पळवली जात, पानं फाडली जात, देखरेख जेमतेम. क्रिस्टोफर लँगडेल १८७० मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झाले. विद्यार्थी असताना त्यांनी याच लायब्ररीत काम केलं होतं. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा तशी आपल्याला लायब्ररी, असं ते मानत. ते मानणं प्रत्यक्षात आणलं अर्नोल्डनी. पंधरा हजारांच्या आसपासचा संग्रह त्यांच्या कारकिर्दीत सुमारे दीड लाखावर गेला. अखेरच्या वर्षांत स्पेनच्या ऑलिव्हार्ट यांचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा संग्रह आला, पाठोपाठ इंग्लंडच्या जॉर्ज डन यांचे जुने इंग्रजी कायदेग्रंथ.

याची किंमत वकिलाला कळते. निवाड्यांची मालिका सलग असेल तरच तिचा उपयोग. समोरच्याने सायटेशन दिलं, तुम्ही कपाटाशी गेलात आणि नेमका तोच खंड जागेवर नाही, की शेजारचे शंभर खंड त्या दिवसापुरते बिनकामाचे. बाइंडरकडे ए.आय.आर.चे (ऑल इंडिया रिपोर्टरचे) जुने खंड शिवायला टाकताना मी कित्येकदा समोर उभा राहिलो आहे. टाके उसवलेले, पुठ्ठा सुटलेला, समासात कुणा जुन्या वकिलाची पेन्सिलची रेघ. बाइंडर प्रत्येक जुडी जुळवून दोरा ओवतो, तेव्हा बरं वाटतं. अशा माणसाला कणा कापणं म्हणजे अर्नोल्डांच्या चाळीस वर्षांवर सुरी फिरवणं वाटणारच.

पहिली शंका आली ती लँगडेल यांच्यामुळेच. करारांच्या कायद्यावरचं त्यांचं निवाड्यांचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं. सगळा वर्ग एकाच वेळी तेच खंड मागायला लागला तर लायब्ररी पुरी पडणार नाही, ही त्यामागची एक साधी अडचण होती. म्हणून हवे ते निवाडे खंडांतून वेगळे काढून त्यांनी छापले. खंड महत्त्वाचा आहेच. पण वाचणाऱ्यापर्यंत निवाडा पोचणं त्याहून महत्त्वाचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

मग २०१८ मध्ये हार्वर्डचं ते स्कॅनिंगचं काम सगळ्यांना ऑनलाइन खुलं झालं. सुमारे चाळीस हजार खंड, चार कोटी पानं, १६५८ पासूनचे ६७ लाखांहून अधिक निवाडे. सुरुवातीला बहुतेक निवाड्यांसाठी माणशी दिवसाला पाचशेची मर्यादा होती. २०२४ मध्ये तीही उठली. कापून झालेली पानं फेकली नाहीत, हवाबंद करून चुनखडीच्या खाणीत ठेवली. अतिदुर्मिळ खंडांना मशीन लावलंच नाही.

आपल्याकडचं सांगतो. तालुक्याच्या कोर्टात नवी सनद घेतलेली मुलगी महिनाअखेरीला डेटाबेसची वर्गणी भरू की खोलीचं भाडं, असा हिशेब करते. निवाडा कोर्टाने दिलेला, जनतेच्या पैशाने चाललेल्या कोर्टाने. आणि तो वाचायला पैसे! ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे, की हेडनोट, परिच्छेदांची मांडणी यांसारख्या संपादकाच्या कष्टांवर त्याचा हक्क राहील, पण निवाड्याचा मूळ मजकूर सगळ्यांचा. हार्वर्डनेही कॉपीराइट असलेल्या हेडनोट्स वगळून निवाडे खुले केले. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, मोफत सुरू झालं, त्या दिवशी आमच्या बार रूममधल्या ज्युनिअर मंडळींचे चेहरे मी पाहिले आहेत. माझा उरलासुरला विरोध तिथे संपला.

अर्नोल्डांबद्दलचा आदर मात्र वाढला. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी मालिका सलग राखल्या नसत्या तर स्कॅनरमध्ये घालायला होतं काय?

इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची. जुन्या बार लायब्रऱ्यांतून असले खंड वाळवीच्या तोंडी जाताना मी पाहिलेत. ज्याच्या आणखी प्रती आहेत असा खंड कापायला निघालात तर आता मी आडवा येणार नाही, पुठ्ठे धरायला येईन. फक्त त्याआधी एक जाणता ग्रंथपाल नेमा, पूर्ण पगारावर. कुठला खंड एकुलता एक उरलाय, कुठल्या मालिकेत भोक पडलंय, हे त्याला कपाट न् कपाट चाळून ठरवू द्या. तो नाही म्हणाला, तर त्या खंडाला मशीन लागता कामा नये.