हा आकडा आला कुठून?

पुणे

प्रिय सानिका,


अर्थशास्त्रात पदवी घ्यावी का, असं तू विचारलंस आणि घरातली मतंही कळवलीस. बाबांचं म्हणणं, बी.कॉम. कर आणि सोबत सीए. आजोबांचं म्हणणं, गणितात गती आहे तर संख्याशास्त्र घे. दोघांच्याही म्हणण्याला वजन आहे, म्हणून ‘तुला आवडेल ते कर’ असं गुळमुळीत उत्तर मी देणार नाही. माझं मत असं की अर्थशास्त्र घे, पण एका अटीवर. पदवी हातात पडेल तेव्हा तुला गरिबीचा, बेकारीचा, महागाईचा कुठलाही आकडा सोडवून बघता आला पाहिजे. तो कोणी मोजला, कोणाला काय विचारून मोजला, आणि कशाला गरीब म्हणायचं, कशाला बेकार, हे मोजण्याआधी कोणी ठरवलं? हे येणार नसेल तर या पदवीत मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या आणि पाठ केलेल्या व्याख्या तेवढ्या उरतात, आणि त्यांच्यासाठी आयुष्यातली तीन-चार वर्षं देणं मला पटत नाही. सुदैवाने हे शिकायला पुण्यासारखं दुसरं गाव शोधावं लागेल. ते का, हेच या पत्रात सांगते.

पिंपळे सौदागर तुला माहीत आहे ते उंच सोसायट्यांचं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात या गावाची घर न् घर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ च्या सुमारास या गावात सरासरी जमीनधारणा चाळीस एकरांची होती, १८१८ पर्यंत ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये सातावर. मग प्रत्येक कुटुंबाची जमीन, पीक, बाहेरची मजुरी, कर्ज आणि व्याज मांडून पाहिलं, तर नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागतं अशी कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि बाहेरची कमाई धरूनही दोनतृतीयांशांच्या आसपास कुटुंबं तोट्यात. शेतसारा जड आहे की नाही यावर तोवर सभांमधून आणि सरकारी अहवालांतून पुष्कळ वाद झाले होते. इथे एका गावाचा जमाखर्च समोर आला. या पाहणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप मान यांनी स्वतःच ओळखला: हे गाव पुणे-खडकीच्या जवळचं, इथे बाहेर काम मिळतं, मग त्यावरून दख्खनच्या शेतीबद्दल काय बोलायचं? म्हणून त्यांनी नंतर जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू, शहरापासून दूरचं गाव निवडलं आणि १९२१ मध्ये त्याचा अभ्यास छापला. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन पुढची पाहणी आखायची, ही सवय अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच लागायला हवी.

पण मोजून झालं की काम संपलं असं नाही. मान यांचं पहिलं पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ साली, सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करा, धारणा मोठी करा, असा त्या काळच्या जाणकारांचा कल होता. आंबेडकरांनी मुळातच हात घातला: लहान म्हणजे किती? धारणा लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल, अवजारं आणि माणसं किती लागली आहेत यावर ठरतं. आपल्याकडे शेतीवर नको तितकी माणसं आहेत आणि भांडवल थोडं, म्हणून शेतीचा उपाय शेतीबाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधला पाहिजे. जमिनीचे आकडे तेच राहिले, पण प्रश्न नीट विचारल्याबरोबर धोरण उलटं झालं. आजोबांच्या म्हणण्याला माझं उत्तर इथेच आहे. मोजायचं कसं हे संख्याशास्त्र उत्तम शिकवतं. काय मोजायचं आणि त्या मोजण्याचा अर्थ काय, याचा वाद अर्थशास्त्रात चालतो.

या वादाचं सर्वांत चांगलं उदाहरणही पुण्यातलंच आहे. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं नाव तू ऐकलं आहेस. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली पुणे शहराची पाहणी झाली, शेतीच्या आणि खेड्यांच्या पाहण्या झाल्या. पुढे याच परंपरेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माणशी रोजचे २२५० उष्मांक हा आधार धरला आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरून, तेवढं अन्न ज्या कुटुंबांना मिळतं त्यांचा एकूण खर्च किती हे काढलं. १९६०-६१ च्या किमतींना तो खेड्यात दरमहा माणशी सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आला. त्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं होती. यावर आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. ते जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व शेती संघटनेत आयुष्याची उमेदीची वर्षं काढून पुण्यात परतलेले. त्यांचं म्हणणं, सरासरी गरज ही सीमारेषा धरणंच चूक आहे. एकाची गरज दुसऱ्यासारखी नसते, आणि त्याच माणसाचा आहारही दिवसादिवसाला वरखाली होतो, शरीर ते सांभाळून घेतं. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरलात तर धडधाकट माणसंही त्यात मोजली जातील. त्यांची सीमा बरीच खाली होती, त्यामुळे कुपोषितांची संख्याही बरीच घटत होती. दांडेकरांची भूमिका अशी की आपण एकेका माणसाच्या पोषणाची तपासणी करत नसून कुटुंबांच्या खर्चाची पातळी बघतो आहोत. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघेही गणितात पक्के, दोघेही संख्याशास्त्रात तयार झालेले, आणि तरी वाद गणिताने मिटला नाही, कारण माणसाला किती मिळालं म्हणजे पुरेसं म्हणायचं हा प्रश्न गणिताच्या आधी येतो. त्याचे परिणामही साधे नव्हते. दांडेकर-रथ यांचा मार्ग ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढून मजुरी देण्याकडे जात होता. सुखात्म्यांचा भर स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांवर होता, कारण पोटात गेलेलं अंगी लागत नसेल तर नुसतं धान्य वाढवून भागत नाही. मला स्वतःला दांडेकरांची बाजू जास्त पटते. शरीर कमी अन्नावर निभावून नेतं म्हणून ते अन्न पुरेसं ठरवणं मला मान्य होत नाही. पण पाण्याबद्दल सुखात्मे बरोबर होते, हे नाकारता येत नाही.

तू म्हणशील, हे झालं पन्नास वर्षांपूर्वीचं. आता सगळी माहिती संगणकावर तयार मिळते, दारोदार फिरायची गरज काय? मग १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीची प्रश्नावली डोळ्यांसमोर आण. तेल, डाळ, भाजी, गूळ, एकेक वस्तू घेऊन घरच्या बाईला विचारायचं: किती आणलं, किती रुपयांचं. घरच्या शेतातली ज्वारी असेल तर तिचीही किंमत लावायची, तीही बाजारातली नाही, शेतावरच्या भावाने. आधी हा हिशेब गेल्या तीस दिवसांचा विचारत असत. त्या वर्षी त्याच वस्तूंसाठी सात दिवसांचा रकाना शेजारी जोडला. सात दिवसांचं नीट आठवतं, तीस दिवसांतलं निसटतं. आणि दोन्ही एकाच बैठकीत विचारले की माणूस एका उत्तराचा मेळ दुसऱ्याशी घालतो. त्यामुळे तीस दिवसांचा आकडाही पूर्वीसारखा राहिला नाही. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेलं दारिद्र्य सरकारी हिशेबाने २६ टक्क्यांवर आलं, आणि त्यातली खरी घट किती, प्रश्न बदलल्याची किती, यावर देशातले अर्थतज्ज्ञ पुढची कित्येक वर्षं भांडले. २०११-१२ या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने देशात २१.९ टक्के गरीब आहेत आणि रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के. माणसं तीच, वर्ष तेच, आणि मध्ये कोट्यवधी लोकांचा फरक. ज्याने कधी कुणाच्या ओट्यावर बसून महिन्याचं तेल किती लागलं हे विचारलेलं नाही, त्याला संगणकावरच्या या रकान्यांत काय दडलं आहे ते कळत नाही. म्हणून पाहणी.

याच्या उलट बाजूचा आक्षेपही आहे: मग सिद्धांत कशाला, नुसतं गावोगाव फिरून मोजत राहावं. तेही मला मान्य नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन इंग्लंडच्या अर्थशास्त्राची गृहीतं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत असं सांगितलं. पण हे सांगण्याआधी त्यांनी ते अर्थशास्त्र पुरतं वाचलेलं होतं. रोजगार हमी योजनेचंच बघ. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती महाराष्ट्रात आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. कष्टाचं काम आणि बेताची मजुरी ठेवली तर गरजू माणूसच कामावर येईल, गरिबांची वेगळी यादी करावी लागणार नाही, हा तिच्यामागचा सिद्धांत. तो समजल्याशिवाय कामावर जाऊन कोण आलं हे बघण्यात अर्थ नाही. आणि कामावर न जाता तो खरा ठरला की नाही हे कळत नाही. १९८० मध्ये कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी या योजनेचा अभ्यास केला तो यासाठीच. तेव्हा कॅलक्युलस, सीमांत उपयोगिता, समतोल, सगळं मन लावून शीक. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्या हाती हे काही नव्हतं, तरी शेतकऱ्याच्या घराचा आणि कर्जाचा त्यांनी धरलेला थांग आजच्या अनेक प्रबंधांत नाही. तुझ्या हाती दोन्ही असेल.

राहिली बाबांची काळजी, आणि ती खोटी नाही. नुसत्या अर्थशास्त्राच्या पदवीवर अर्थतज्ज्ञाची नोकरी मिळत नाही. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेलाच पदव्युत्तर पदवी लागते, संशोधनसंस्थांतही तेच. म्हणजे पाच-सहा वर्षांची तयारी धरून चाल. सीएचा रस्ता जास्त आखीव आहे, पण खडतरही आहे, आणि त्यात तुझं मन नसेल तर तो छोटा ठरत नाही. बँका, विमा, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, वर्तमानपत्रं यांना माहितीचा अर्थ लावता येणारी माणसं लागतात; पण पदवीपेक्षा ती काय करून दाखवतात ते बघून घेतात. तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतः आखलेली, स्वतः केलेली एक पाहणी तुझ्या नावावर हवी, लहानशी का होईना. हडपसरच्या भाजीविक्रेत्यांना माल आणायला पैसे कोण देतं आणि किती व्याजाने, एवढा प्रश्नही पुरे.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी जिथे जिथे नाव घालायचा विचार आहे त्या प्रत्येक कॉलेजचा पूर्ण अभ्यासक्रम मागवून घे. जाहिरात वाचू नकोस, परदेशी विद्यापीठांशी केलेल्या करारांची यादी वाचू नकोस. दोनच गोष्टी बघ: क्षेत्रपाहणी अभ्यासक्रमात सक्तीची आहे की ऐच्छिक, आणि मायनर म्हणून संख्याशास्त्र घेता येतं का. दोन्ही असतील तिथे नाव घाल. एकच असेल तर संख्याशास्त्र असलेलं कॉलेज निवड. पाहणी आपण दोघी मिळून आखू, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुझी,
मावशी