करवतीचे इंजिन, सायकलची चाल

सायकल हे मोठे प्रामाणिक वाहन आहे. पायांत जेवढे बळ असेल, तेवढेच ती चाकांना देते. उधारी तिला ठाऊक नाही. म्हणूनच तारुण्यात ती जिवलग वाटते आणि उतारवयात तीच चढणीवर परकी होऊ लागते. माझ्या काकांच्या बाबतीत असेच घडले. सिंधुदुर्गातील त्यांची काजूची बाग डोंगरउतारावर आहे. सत्तरी ओलांडली आणि त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. पाण्याचे दोन कॅन लावलेली सायकल वरच्या रोपांपर्यंत ढकलत नेणे त्यांना जमेना. वरची बाग विकून टाकावी, असे घरातले सुचवू लागले. काका त्यावर काही बोलत नसत. पण त्यांचे जेवण कमी झाले होते.

घरात झाडे तोडण्याची एक जुनी यांत्रिक करवत पडून होती. तिची दातेरी साखळी झिजून गेली होती. इंजिन मात्र धडधाकट होते. ते सायकलला बसवता येईल का, हे विचारण्यासाठी मी बाजारातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो.

कल्पना काही नवी नव्हती. जपानमध्ये १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी युद्धकाळात बिनतारी संदेशयंत्रांना वीज पुरवण्यासाठी बनवलेली आणि युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेली लहान इंजिने सायकलींना जोडली होती. आपल्याकडे १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने आणलेली ‘लूना’ही त्याच कुळातली, ५० सीसीचे इंजिन आणि सोबत पायडल. युद्धाचे सामान दळणवळणाला लागते, तर करवतीचे इंजिन बागेला का लागू नये?

दुकानदाराने इंजिन हातात घेऊन पाहिले. तेही ५० सीसीचेच होते. असे इंजिन सहज दोन अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १५०० वॅट बळ देते. साधा माणूस बराच वेळ पायडल मारू लागला, तर त्याच्याकडून ७५ ते १०० वॅटच मिळतात. शिवाय करवत कशीही धरून चालवावी लागत असल्याने तिचा कार्ब्युरेटर तिरक्या अवस्थेतही पेट्रोल पुरवत राहतो. चढणीला हे उपयोगाचेच. तेव्हा बळाची चिंता नव्हती. चिंता होती ती वेगाची.

आम्ही दोघांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. साध्या सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. ताशी २० किलोमीटर वेगासाठी त्याला मिनिटाला जेमतेम १५० फेरे पुरतात. करवतीचे इंजिन मात्र भर जोरात असताना मिनिटाला ७५०० फेरे सहज घेते. म्हणजे इंजिनाचे ५० फेरे तेव्हा चाकाचा एक! आम्ही हा उतार तीन पायऱ्यांत वाटला. पहिल्या पायरीला पट्टा, पुढच्या दोहोंना चेन. वेग आधी पाचपट, मग अडीचपट आणि शेवटी चौपट कमी केला. वेग जसा उतरतो, तसा चाकाला फिरवणारा जोर वाढतो. काही जोर घर्षणात जातो खरा, पण उरलेला चढण चढायला भरपूर असतो. गतीचा त्याग करून सामर्थ्य मिळवावे, हे तत्त्व मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते फरशीवर खडूने लिहिलेले पाहिले.

इंजिन बसवण्यापूर्वी दुकानदाराने पुढचे चाक काढले. “काका, आधी थांबायचं कसं ते ठरवू; पळायचं मग बघू,” तो म्हणाला. सायकलचे रबरी ब्रेक या भाराला अपुरे होते. त्याने जुन्या मोपेडचा ड्रम ब्रेक बसवला. इंजिनाची चेन डाव्या बाजूने घेतली, तापणाऱ्या नळीवर पत्र्याचे आच्छादन केले आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये २० मिलिलिटर तेल कसे मिसळायचे ते काकांना दोनदा समजावले. काकांनी एकच अट घातली, “पायडल काढू नका.” इंजिन बंद पडले तरी आपण घरी आलो पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीचे इंजिन २५ सीसीपेक्षा मोठे असले, की ती मोटार वाहन ठरते आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. काका हसले. “रस्त्यावर माझं कामच काय? माझी वाट बागेत आहे.”

आता ते रोज सकाळी वर जातात. सायकलचा आवाज कर्कश आहे, धूरही होतो. २०२४ साली ‘लूना’सुद्धा विजेवर चालणारी होऊन बाजारात आली, बॅटरीची सायकल या सायकलपेक्षा शांत आणि स्वच्छ असते, हे मान्यच केले पाहिजे. पण घरात पडलेल्या वस्तूतून हातांनी घडवलेल्या या यंत्राने एका वृद्धाची बाग त्याच्याजवळ राहू दिली. वरची जमीन विकण्याची गोष्ट आता कोणी काढत नाही.

एकदा मी त्यांच्या मागून चढण चढत गेलो. झाडे तोडणारे ते इंजिन रोपांसाठी पाणी वाहून नेत होते. चढण संपून सपाट वाट लागताच काकांनी ते बंद केले. बाग एकदम शांत झाली. पुढचे शंभर पावलांचे अंतर ते हलकेच पायडल मारत गेले. गरज होती तेवढीच मदत त्यांनी यंत्राकडून घेतली होती. उरलेली वाट त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.