खोगिराखालची पाठ (लेखांक दुसरा)

सोमवार, नवलगढ

जानेवारीतली शेखावाटीची पहाट हाडं गोठवते. तबेल्यात शिरलं की मात्र घोड्यांच्या अंगाची ऊब लागते आणि बोटं हलू लागतात. फेब्रुवारीअखेर याच मुलखात आमची पाच दिवसांची मदतनिधी सफर आहे, रोज तीसएक किलोमीटर. जमलेला पैसा वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या घोड्या-गाढवांच्या औषधपाण्याला जाणार. आमच्यात मुरलेला स्वार कुणी नाही. सगळे रविवारी क्लबात जाऊन शिकलेले. म्हणून हा सरावाचा आठवडा.

माझ्या वाट्याला केसर आली. कुमाईत रंगाची मारवाडी घोडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. मी खोगीर उचलायला गेले, तर म्हाताऱ्या सईसबाबांनी थांबवलं. "बाईसा, पहले हाथ से देखो." मानेपासून कमरेपर्यंत सावकाश तळवा फिरवायचा. कुठे घामाची खरपुडी आहे का, कुठे जागा गरम लागते का, कुठे ती अंग चोरते का? खोगिराखालच्या घडीत राहिलेलं एखादं कुसळसुद्धा दिवसभरात पाठ सोलून काढतं. मग खरारा, मग खूर साफ करणं. तंग आवळेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं.

मंगळवार, डुंडलोदची वाट

आज दुडकी. या चालीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उरलेली जोडी. स्वार त्या ठेक्यावर रिकिबीत उठतो-बसतो. सतत एकाच जोडीवर बसत राहिलं, तर घोड्याच्या पाठीची एकच बाजू भार सोसते, म्हणून ठरावीक अंतराने एक ठेका जास्त बसून बाजू बदलायची. क्लबच्या रिंगणात हे मी वळणापुरतं शिकले होते. इथे रिंगण नाही. समोर नुसती वाळूची वाट, दोन्ही बाजूंना फुललेली मोहरी आणि पाल्यासाठी छाटलेली खेजडीची झाडं. मऊ वाळूत घोड्याच्या पायांच्या शिरांवर ताण येतो, म्हणून रेती खोल लागली की पाऊलचालीवर यायचं. केसर ते आपणहून करते. माझ्या हाताला लगाम सैल सोडण्याचं तेवढं सुचायला हवं.

मुंबईकरांसाठी एक सांगते: माटुंग्याच्या पोदार कॉलेजामागचं पोदार घराणं याच नवलगढचं. त्यांची रंगवलेली हवेली आता संग्रहालय आहे. संध्याकाळी धावती भेट दिली.

बुधवार

मांड्या भरून आल्या आहेत. आज स्वारी कमी, शिकणं जास्त. आमच्यातल्या नाशिकच्या ताई पशुवैद्य आहेत. त्यांनी प्रत्येकाला जबड्याखालची नाडी शोधायला लावली. पंधरा सेकंद मोजायची, चाराने गुणायची. विश्रांतीतल्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४. आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स स्पर्धांत मधल्या तपासणीत ते ठरलेल्या वेळात ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर घोडा तिथेच बाद होतो, स्वारात कितीही दम असो. हा नियम मला फार आवडला. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी. रेंगाळली तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुशीला कान लावून आतड्यांची गुडगुड ऐकायची. ती थांबणं वाईट. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ त्याचा जीव घेऊ शकतो.

गुरुवार, वीटभट्टी

आज घोड्यावर बसलेच नाही. ज्यांच्यासाठी हे चाललं आहे, त्यांना पाहायला गेलो.

कच्च्या विटा थापणीच्या जागेवरून भट्टीपर्यंत नेण्याचं काम जनावरं करतात. जनावराच्या मालकाला हजार विटांमागे पैसे मिळतात, म्हणून खेपा थांबत नाहीत. एका तट्टाच्या खांद्यांमधल्या उंचवट्यावर रुपयाएवढी उघडी जखम होती, वर राख लावलेली. मालक पंचविशीचा असेल. "लंगडलं तर घरी काय नेऊ?" असं त्याने ताईंना विचारलं आणि जखम धुवायला स्वतःच पाणी आणलं. ताईंनी ओझ्याखालच्या गोणपाटाला जखमेपुरतं भोक पाडून कडेने जाड घडी शिवून दिली. घासणं थांबलं. खर्च सुई-दोऱ्याचा.

माणसांचे प्रश्न सोडून घोड्यांसाठी पैसे का मागतेस, असं पुण्यातले अनेक जण विचारतात. माझं उत्तर त्या तट्टाचा हा तरुण मालक आहे. त्याच्या घरातली चूल त्या तट्टाच्या चार पायांवर पेटते. अशा जखमेतून घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि एकदा झाला की वाचवणं कठीण. लस मात्र स्वस्त आणि साधी. ती भट्टीपर्यंत पोचत नाही, एवढंच. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टं होती, २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून कमी. आकडा घटला की औषधं, डॉक्टर, नालबंद सगळेच पांगतात. मागे उरलेल्या जनावराकडे पाहायला कुणी राहत नाही.

परतताना ताईंनी डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंची हकीकत सांगितली. १९३० मध्ये त्या कैरोला गेल्या, तेव्हा पहिल्या महायुद्धातले लष्करी घोडे, हाडांचे सापळे होऊन, तिथल्या रस्त्यांवर ओझी ओढत होते. त्यांनी लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, हजारो घोडे विकत घेतले गेले. १९३४ मध्ये कैरोत मोफत दवाखाना उभा राहिला. बहुतेक घोडे इतके खंगलेले होते की त्यांना शांत मरण देण्यापलीकडे काही करता आलं नाही. तेही त्यांनी केलं, आणि दवाखाना चालू ठेवला.

शुक्रवार, मंडावा

पहिली पूर्ण मजल. दुपारच्या मुक्कामी उतरल्या उतरल्या तंग सैल केला, केसरला सावलीत फिरवलं, पाणी दाखवलं. दहा मिनिटांनी ठोके ५२. आमच्यातल्या एका सफेद घोड्याचे मात्र ६८ वरच अडकले. वीस मिनिटांनीही फारसा फरक नाही. त्याचं खोगीर उतरवलं आणि तो गाडीतून परतला. स्वार दिल्लीचा, भारदस्त गृहस्थ. एक अक्षर न बोलता त्याच्यासोबत गाडीत बसला.

रात्री बसून सफरीचा आराखडा बदलला. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसायलाच हवं. भारी स्वारांना भारी घोडे, नाहीतर गाडी. रोज दुपारी पशुवैद्याची तपासणी. वाळूच्या टप्प्यात दुडकी नाही, मग मुक्कामाला अंधार पडला तरी चालेल. आणि जमलेल्या पहिल्या रकमेतून धनुर्वाताच्या लशी सफरीआधीच घ्यायच्या, भट्ट्यांचा हंगाम चालू आहे तोवर. उद्या सकाळी ताई जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लशी थंड ठेवायची सोय विचारायला जाणार आहेत. मी सोबत जाते आहे.