धावते अक्षर

दिवाळी सरली, मंडईच्या जत्रांचे दिवस आले, की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे फलक लागतात. नाटकाचे नाव जाडजूड, पुढे कललेले; खाली प्रयोगाचे गाव, तेही कललेले. हाताने रंगवलेला फलक आता क्वचितच दिसतो. फ्लेक्सवर अक्षर संगणकातून उतरते. त्या फ्लेक्सवरचे तिरपे 'अर्जुनी' डोळ्यांना खुपत राहते. रफार पुढे ढकललेला, उकार मागे सरकलेला, आणि दोघांच्या मधली शिरोरेघ जागची हललेली नाही. भिंती कलाव्यात आणि आढे तेवढे सपाट राहावे, तसे हे घर दिसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कललेले अक्षर म्हणजे धावते अक्षर नव्हे. या दोन गोष्टी आपण एकच समजलो आणि मराठीचे स्वतःचे धावते अक्षर विसरून बसलो.

रोमन लिपीतल्या तिरप्या अक्षराचा, म्हणजे इटॅलिकचा, जन्मही कलण्यातून झालेला नाही. 1501 साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओने व्हर्जिलचे काव्य ज्या नव्या खिळ्यांत छापले, ते फ्रान्चेस्को ग्रिफोने त्या काळच्या भरभर चालणाऱ्या हस्ताक्षरावरून कोरले होते. त्यातली कॅपिटल अक्षरे तर सरळ उभीच होती. म्हणजे त्या अक्षराचा जीव वेगात होता, झुकण्यात नव्हता. जाड पायांचे स्लॅब सेरिफ अक्षर आले तीनशे वर्षांनी, 1815 च्या सुमारास, लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सकडून. जाहिरातींच्या गर्दीत दुरून दिसायचे, हे त्याचे काम. उभ्या दांड्याच्या टोकाला जवळजवळ तेवढीच जाड आडवी पट्टी. अक्षराने पाय रोवून उभे राहायचे. रोवलेल्या पायांनी धावायचे कसे, हा पेच तेव्हापासूनचा. पुष्कळांनी उभे अक्षर नुसते कलवून तो टाळला. 1990 च्या 'सीसिलिया' या टंकात मात्र डच कलाकार पीटर मॅथियस नोर्डझायने तिरपे अक्षर लेखणीच्या चालीवरून नव्याने रेखले, पायांची जाडी राखून. पेच सुटू शकतो, पण त्यासाठी हात लागतो.

देवनागरीत हा पेच पायाशी नाही, डोक्याशी आहे. आपली शिरोरेघ हीच आपली जाड पट्टी. अक्षरे तिच्यावर उभी नसतात, तिला लोंबतात. बोरूच्या तिरक्या कापातून कुठे जाड आणि कुठे बारीक हे ठरत आले. अक्षर तिरपे करणारी संगणकाची कळ दाबली की ते गणित मोडते. डावीकडे झुकलेली मात्रा उभी होऊन बोजड दिसते, उजवीकडे झुकलेली रेघ ताणून बारीक होते आणि गोल अनुस्वार लांबुळका होतो. कोणी म्हणेल, नाटकाच्या फलकाला एवढे शास्त्र कशाला? लांबून वाचता आले, गडी तिकीट काढून आत गेला, की झाले. पण फलकाचा कलण्याचा हक्क मी नाकारतच नाही. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे नाव सुस्त उभे राहू नये, हे खरेच. जाणता पेंटर तिरपे नाव लिहितो तेव्हा कुंचला प्रत्येक वळणावर जाडी पुन्हा तोलतो. माझी माया त्या हातावर आहे आणि राग त्या कळेवर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुस्तकाचे नाव किंवा जोर द्यायचा शब्द वेगळा दाखवायला मराठीला इटॅलिक हवेच ना? मला ते पटत नाही. नावासाठी अवतरणचिन्ह आहे आणि जोरासाठी आपला 'च' आहे. 'तोच' म्हटल्यावर शब्द कलवायची गरज उरत नाही. आणि हस्तवेगाचे अक्षर म्हणाल तर ते आपल्याकडे होतेच. बाळबोध (देवनागरी) लिपी उभी, मोडी लिपी धावती. पानभर आडवी रेघ आधी ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचे. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरातला या मुलखाचा कारभार मोडीतच चाले. सेरामपूरला विल्यम कॅरीने 1810 चा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला, तिथूनच भोसल्यांची वंशावळही मोडीत निघाली. पुढे छापखान्यांनी बाळबोध धरली आणि ही जोडी फुटली. आज मोडी वाचतो कोण, हे मान्य. मी ती फलकावर आणा म्हणत नाही. पण तिरपे मराठी अक्षर रेखणाऱ्याने कळ दाबण्याआधी मोडीचा एक कागद समोर ठेवावा. कुठे वळण गोल होते, कुठे दोन फटकारे एक होतात, हे तिथे दिसते. मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे. ती तिथे नुसती जपून ठेवायची वस्तू होऊ नये.

हे लिहिताना मन शेजारी जाते. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटात 1918 साली मुंशी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी रचली. 2017 मध्ये तीही युनिकोडमध्ये आली. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर लोटणाऱ्या गोंड भाविकांच्या भाषेची ही अक्षरे. त्यांचे धावते रूप कोणते? ते कुठल्याही कळेत सापडायचे नाही. मोडीला वेग आला तो हिशेब, पत्रे, पावत्या लिहिणाऱ्या हजारो घाईच्या हातांनी. गोंडीत कोणी घाईघाईने चिठ्ठी लिहील, बाजाराची यादी करील, तेव्हाच ते अक्षर आपले आपण वळेल. तोवर ते कोणी कलवू नये. आधी त्याला रोज लिहिणारे हात मिळावेत.