परक्या देशाचे नागरिकत्व

ज्या देशाने अन्न दिले त्या देशाचे व्हावे, की जेथे नाळ पुरली त्या देशाचेच राहावे, हा प्रश्न पुस्तकात वाचताना सोपा वाटतो. तोच घरात येऊन उभा राहिला म्हणजे त्याचे काठिण्य कळते. आमच्या चांदूर रेल्वेच्या घरात तो गेल्या वर्षी आला. धाकट्या भाऊजींचा मुलगा सतरा वर्षे अमेरिकेत आहे. नोकरी तेथे, घर तेथे, दोन्ही मुलांचा जन्मही तेथलाच. त्याने तिकडचे नागरिकत्व घेण्याचे मनात आणले आणि अर्ज करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांची अनुमती मागितली.

ती सहजासहजी मिळाली नाही. सासूबाईंचे वय ब्याण्णव. त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे तो आता आपला नाही का?” भाऊजींना शेताची काळजी लागली. शेजारीपाजारी ‘पोरगे तिकडचेच झाले’ असे म्हणू लागले. आमच्याकडे मात्र तत्त्वाचा प्रश्न निघाला: ज्या स्वातंत्र्यासाठी मागच्या पिढीने तुरुंग पाहिले, त्या देशाचे नागरिकत्व सोयीसाठी सोडावे काय?

प्रथम कायदा समजून घेणे इष्ट. आपल्या राज्यघटनेचे नववे कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा यांनुसार जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दोन्ही दरडींवर पाय ठेवण्याची मुभा आपल्याकडे नाही. 2005 सालापासून अशा मंडळींना ‘ओसीआय’ म्हणून नोंदणी करून घेता येते. तिच्या आधारे जन्मभर व्हिसावाचून येता-जाता येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित शेत वारशाने मिळू शकते. हे कळल्यावर भाऊजींचा जीव निम्मा खाली पडला. आमचा पुतण्या सातबाऱ्यावर येऊ शकेल, मात्र शेजारचा एक एकर विकत घेऊन त्यात भर घालू शकणार नाही.

कायद्याने शेताचे उत्तर दिले. सासूबाईंच्या प्रश्नाचे दिले नाही. त्यावर विचार करीत असता मला आमच्या आजेसासऱ्यांची आठवण झाली. त्यांचा जन्म 1888 चा. तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचे आणि कारभार 1853 च्या तहापासून इंग्रजांचा. 1902 साली इंग्रजांनी वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि पुढील वर्षी ते मध्यप्रांताला जोडले. 1947 साली स्वातंत्र्य आले, 1950 साली ते भारताचे नागरिक आणि मध्यप्रदेशाचे रहिवासी झाले, 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि 1960 साली महाराष्ट्राचे. त्याच वाड्यात, त्याच ओसरीवर बसून या गृहस्थांनी इतकी राज्ये पाहिली. परंतु एकदाही कोणी त्यांना विचारले नाही, की तुम्हास हे राज्य मान्य आहे काय? आमच्या कुळात ज्याला हा प्रश्न विधिपूर्वक विचारला गेला, असा हा पुतण्या पहिलाच!

भगिनींनो, आपल्यालाही तो कोठे विचारला गेला? मी स्वतः लग्न होऊन रत्नागिरीकडून या वऱ्हाडात आले. भातावर वाढलेली मी, ज्वारीची भाकरी थापावयास शिकले; येथली बोली कानाला रुळावयास दोन वर्षे लागली. नाव बदलले, कुलदैवत बदलले, आणि आज चांदूर सोडून दुसरीकडे माझा जीव रमत नाही. म्हणून माहेर तुटले काय? मुळीच नाही. आमच्या जवळचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर अशी परंपरा आहे. तिने तर आपल्या इच्छेने, स्वतः निरोप धाडून, द्वारकेची वाट धरली. तरी दरवर्षी आषाढीला कौंडण्यपुराहून तिची पालखी पंढरीस जातेच. स्वेच्छेने गेलेल्या लेकीलाही माहेर विसरत नाही, हे आपल्या लोकांना ठाऊक असलेले सत्य आहे.

तथापि ज्या शपथेने हे नागरिकत्व मिळते, तिचे शब्द कठोर आहेत. आजवर ज्या राजाचे वा राज्याचे आपण प्रजाजन होतो, त्याच्यावरील सर्व निष्ठेचा त्याग करावा लागतो. पुतण्या दूरध्वनीवर म्हणाला, “काकू, हे शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळेल.” मी त्यास म्हटले, “बाळ, नीट वाच. त्यात राज्यनिष्ठा सोडावयास सांगितले आहे. आई, भाषा, आजीच्या हातची चव यांविषयी त्यात एक अक्षर नाही. निष्ठा कायद्याने मागता येते, माया मागता येत नाही.”

शिवाय हे नागरिकत्व आपल्या लोकांना फुकट मिळालेले नाही. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की हिंदी मनुष्य तेथील कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे. सबब तो नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचे दावे सुरू झाले. थिंड यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः 1914 साली नागरिक झालेले. त्यांच्यावरही दावा आला. त्या नागरिकत्वावर विसंबून मी येथे संसार मांडला, घर केले, वकिली चालविली, असे त्यांचे म्हणणे होते. 1926 साली अपील न्यायालयात ते जिंकले, पण इतर कित्येकांना आपले नागरिकत्व गमवावे लागले. 1946 च्या लूस–सेलर कायद्याने हे दार पुन्हा उघडले, तेही वर्षाकाठी सुमारे शंभर हिंदी लोकांना प्रवेश देण्यापुरते. ज्या हक्कासाठी हे लोक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले, तो केवळ पासपोर्टाच्या रंगाचा प्रश्न कसा म्हणावा?

माझे मत असे झाले आहे. ज्या गावी आपण कर भरतो, ज्या शाळेत आपली मुले शिकतात, तेथील बऱ्यावाईटात आपला शब्द नसणे म्हणजे जन्मभर बिऱ्हाडकरू म्हणून राहणे होय. भाडे वेळेवर दिले तरी बिऱ्हाडकरू छप्पर शाकारण्याची चिंता करीत नाही. जो तेथेच राहणार, त्याने ती चिंता अंगावर घ्यावी. परंतु ज्याचे मन उतारवयात परत येण्याचे आहे, त्याने केवळ विमानतळावरील रांग चुकविण्यासाठी शपथ घेऊ नये. तोंडाने त्याग आणि मनात दुसरेच, हे दोन्ही देशांशी अप्रामाणिकपणाचे आहे.

घरात अखेर अनुमती दिली गेली. त्यात दुःख नव्हते असे नाही. येत्या निवडणुकीत आमच्या घरचे एक मत कमी होईल आणि ते कायमचेच. सासूबाईंनी त्याला एकच सांगितले, “तिकडे मत द्यायला चुकू नकोस, आणि मुलांना आपल्या गावाचे नाव नीट म्हणता आले पाहिजे.” चांदूर बाजार निराळे आणि चांदूर रेल्वे निराळे, एवढे तरी नातवंडांना कळावे, हा त्यांचा आग्रह.

ज्या घरांत हा प्रश्न उद्या उभा राहील, त्यांनी मुलाला ‘तू आपला की त्यांचा’ असे विचारू नये. तू जे वचन देतोस ते पाळशील ना, एवढेच विचारावे. ज्याला वचनाची चाड आहे, तो कोठेही गेला तरी घरचाच राहतो.