बोळवण करणारं पान

‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळात समोरच्याच्या पुढ्यात एकच पांढरी लँड (माना, म्हणजे पानं खेळायची शक्ती, देणारं पान) मोकळी दिसली, तरी जाणता खेळाडू हल्ला करण्याआधी थबकतो. त्याच्या हातात ‘सोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ असलं तर? दिसायला हे पान साधंच. अंगावर जेमतेम दोन ओळींचा मजकूर, किंमत एक पांढरा माना. पण दरारा असा की ते हातात नसतानाही काम करतं.

त्याचा जन्म १९९३चा. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ त्या वर्षी बाजारात आला आणि पहिल्याच संचात हे पान होतं. त्याचं काम एकच: कोणताही एक क्रीचर, म्हणजे लढणारा जीव, खेळातून हद्दपार करायचा. तो ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, जात नाही, त्यामुळे तिथून उठवून परत आणायची सोयही राहत नाही. वेळेचं बंधन नाही. दुसऱ्याच्या पाळीत, ऐन हल्ल्यातही ते उतरतं. मात्र ते कुणाला रिकाम्या हाताने घालवत नाही. गेलेल्या क्रीचरची जेवढी ताकद, तेवढं लाइफ (ते शून्यावर आलं की हार) तो ज्याच्या ताब्यात होता त्याला मिळतं. माहेरवाशिणीची ओटी भरून बोळवण करावी, तसा हा निरोप.

हैदराबादला हिमायतनगरच्या एका कॅफेत, इराणी चहाचे कप कडेला सारून आम्ही खेळत होतो. समोरच्या मुलाने पाच माना मोजून सेरा एंजल उतरवली. पाळीला एकच लँड टाकता येते, म्हणजे ही पाच पाळ्यांची कमाई. चार ताकदीची, उडणारी, हल्ला करूनही पहाऱ्याला उभी राहणारी. पुढच्या पाळीत ती चालून आली. मी माना काढायला एक लँड आडवी केली आणि पान टेबलावर ठेवलं. “हौ मियाँ, लेलो,” म्हणत त्याने एंजल बाजूला काढली आणि आपलं लाइफ बारावरून सोळा केलं. पाच मानांची मेहनत मी एका मानात उडवली होती. पण आता मला चार लाइफ जास्त कापायचं होतं. भराभर हल्ला करणाऱ्या डेकला, म्हणजे पानांच्या गठ्ठ्याला, हे चार महाग पडतात. बचाव धरून सावकाश खेळणाऱ्याला त्यांची झळ फारशी लागत नाही. पान तेच, पण हात बदलला की त्याची किंमत बदलते.

क्रीचर हटवणारी त्याची भावंडं पाहिली की ही किंमत ठरते कशी ते कळतं. त्याच संचातलं ‘टेरर’ दोन मानांचं, पण काळ्या आणि आर्टिफॅक्ट (घडवलेल्या वस्तूंच्या प्रकारातल्या) क्रीचरना ते हात लावत नाही. २०१२चं ‘मर्डर’ कुणाचीच गय करत नाही, म्हणून तीन माना घेतं. २००९चं ‘पाथ टू एक्झाइल’ एका मानात हद्दपार करतं आणि समोरच्याला डेकमधून एक बेसिक लँड काढू देतं. २०१७चं ‘फेटल पुश’ही एकाच मानाचं, पण एरवी दोन मानांपर्यंतच्याच क्रीचरना मारतं. माना कमी केला की अट तरी वाढते, नाहीतर मोबदला तरी. असं पान फार स्वस्त झालं, तर पाच-सहा मानांचे क्रीचर कुणी डेकमध्ये घेणारच नाही. फार महाग झालं, तर ज्याचा दांडगा क्रीचर आधी उतरेल, त्याचाच डाव.

या हिशेबाने ‘सोर्ड्स’चं पारडं जडच आहे. कसलीही अट नाही आणि किंमत एक माना, हे काही बरोबरीचं माप नव्हे. ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारात त्याला प्रवेश नाही, हे योग्यच आहे. तरी मला ते मनापासून आवडतं, कारण ज्याचं हिरावून घेतलं, त्याला ते डावात ठेवतं.

घरी वहीच्या कागदावर स्वतःची पानं रचणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: क्रीचर हटवणारं पान लिहाल, तेव्हा समोरच्यापाशी काय उरेल ते आधी लिहा. माना त्यानंतर ठरवा.