हातचा शब्द

बेरीज शिकवताना मुले हमखास अडखळतात ती हातच्यापाशी. आठ आणि सात पंधरा. त्यातले पाच मांडायचे आणि एक हातचा ठेवायचा. पण मुलांची घाई अशी, की सगळे पंधरा मांडून मोकळे व्हावे! "बाई, हातचा ठेवलेला एक हरवणार नाही ना?" असे एका चिमुरडीने मला विचारले होते. नाही ग, तो पुढच्या घरात मिळवायचा असतो.

हल्ली मोठ्या माणसांकडे पाहिले, की हा धडा त्यांनाही पुन्हा द्यावासा वाटतो. मनात आले, की मोबाइलवर मांडून मोकळे! सकाळच्या सुप्रभातापासून रात्रीच्या तंट्यापर्यंत अंगठा अखंड चालू. हातचे म्हणून काही राहतच नाही.

शब्दाला दाम पडत होते तेव्हा तो जपून वापरला जाई. तारेचे पैसे शब्दांच्या हिशेबाने पडत. दिवाळीच्या शुभेच्छांना तर तारखात्याने ठरावीक क्रमांकच देऊन ठेवले होते. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तार बंद झाली. तिच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. तार आली म्हटले, की घरोघरी काळजात धस्स होई. आज परदेशी गेलेली लेक आईशी रोज बोलते, हे सुख काय थोडे आहे? मात्र पैसा नसताना केलेली काटकसर हा नाइलाज. हात सढळ असताना केलेली, तो संयम.

हा संयम म्हणजे निव्वळ शिष्टाचार असता, तर मी त्याचे एवढे स्तोम माजवले नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने जीव जाईपर्यंत मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या पुढे ढकलणारे सगळेच काही दुष्ट नसतील. लेकरांच्या काळजीनेच कित्येकांची बोटे चालली असतील. पण उत्तर काय आले? पाच प्रेते!

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेल्या मजकुराला तर एकच ठिकाण ठेवले. यंत्राने सहावे ठिकाण अडवले. पहिले कोणी अडवायचे? ते काम तुमच्या-माझ्या अंगठ्याचे.

म्हणून का तोंडाला कुलूप लावून बसायचे? छे! हातचा मिळवायला विसरले तरी गणित चुकतेच. शेजारणीच्या घरी दुःखद प्रसंग घडला, तर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून भागत नाही. चपला घालून तिच्याकडे जावे, जवळ बसावे. दिवसभर राखलेल्या शब्दांतले दोन तिथे खर्च करावे. आणि तेही सुचले नाहीत, तर तिच्यासाठी चहा टाकावा.